किंबर्लीला निघताना तुला ठाऊक होतं

प्रिय मिलिंद,

तुला जाऊन पाच महिने झाले. इतक्या दिवसांत तुझ्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले, पण कागद घेऊन बसावं असं कधी वाटलं नाही. आज बसले आहे. कारण आज जे बोलायचंय ते मनात ठेवलं तर कुजेल.

तू मला फसवलंस, मिलिंद.

गेल्या सोमवारी इथल्या मराठी मंडळातल्या सुहासचा फोन आला. "वहिनी, मंडळाच्या अंकासाठी तुमच्या ऑस्ट्रेलियाच्या ट्रिपबद्दल लिहा ना. कॅरव्हॅन ओढत किंबर्लीत फिरलेलं आपल्यात दुसरं कोण आहे? आणि मिलिंदला आजार कळायच्या आधी ते सुख मिळालं, केवढं नशीब!" मी हो म्हटलं. मलाही तसंच वाटत होतं ना तोवर! लिहायला बसले तर दऱ्यांची नावं आठवेनात, कुठली आधी आणि कुठली नंतर तेही आठवेना. म्हणून तुझी ती कमरेला बांधायची काळी पिशवी कपाटातून काढली. तू गेल्यापासून तिला हात लावला नव्हता.

आत तू पेन्सिलीने खुणा केलेला नकाशा होता. त्याच्या घड्यांमध्ये अजून लाल माती आहे. आणि मागच्या कप्प्यात, चेन लावून, हॉस्पिटलचं एक पाकीट.

आधी उभ्याने वाचलं. मग खाली बसून पुन्हा वाचलं.

वाटेत काही झालं तर तिथल्या डॉक्टरांना दाखवायचं पत्र होतं ते, इंग्रजीत. स्वादुपिंडाचा कर्करोग, यकृतापर्यंत पोचलेला. सोबत कुठल्या गोळ्या आहेत, दुखणं वाढलं तर काय द्यावं. आणि शेवटी: रुग्णाला संपूर्ण कल्पना आहे. रुग्णाच्या इच्छेनुसार पत्नीला कळवलेलं नाही. गरज पडल्यास मुलीशी संपर्क साधावा. खाली मुक्ताचा नंबर.

तारीख मे महिन्यातली. आपण निघालो जूनमध्ये.

आणि आपल्याला कळलं जुलैच्या शेवटी. आपल्याला! हा शब्द मी तेव्हापासून वापरत आले. "आम्हाला जुलैत कळलं." किती जणांना सांगितलं मी हे!

तुझ्या त्या डॉक्टरबाईंची खोली आठवते ना? खिडकीशी दोन खुर्च्या, मी तुझ्या डाव्या हाताला. बाई काही बोलायच्या आधी तुझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी सांगू, की तुम्ही सांगता?" माझं डच तुझ्याएवढं पक्कं कधीच नव्हतं. मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात काहीतरी चूक झाली. तू म्हणालास, "तुम्हीच सांगा." त्या सांगू लागल्या तेव्हा तू माझा हात धरलास. तुला आधार हवाय असं समजून मी तो घट्ट दाबला आणि म्हणाले, "घाबरू नकोस मिलिंद, मी आहे."

तुला म्हणाले मी! आणि तू मान हलवलीस!

त्याच्या दोन महिने आधी तू त्याच खोलीत येऊन तेच ऐकून गेला होतास. कदाचित त्याच खुर्चीत बसून. मग त्या दिवशी मी कोण होते रे? नाटकात एकटीच अशी, जिला हे नाटक आहे हे सांगितलेलं नाही?

सुरुवातीपासून सगळं पुन्हा आठवत बसले आहे. काय करू! एक धागा उसवला की पुढची शिवण आपोआप सुटत जाते, हे माझ्या कपडेदुरुस्तीच्या धंद्यातच मी रोज बघते.

मे महिन्यात जेवताना तू एकदम म्हणालास, "जूनमध्ये किंबर्लीला जाऊ." ऑस्ट्रेलियाचा तो कोपरा तुझ्या डोक्यात वीस वर्षं होता, हे मला माहीत होतं. या सपाट डच मुलुखात राहून तुला दगडांची भूक लागायची. पूल चढलास तरी "घाट लागला" म्हणायचास. पण जूनमध्ये आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं. माझं पुण्याचं तिकीट काढून झालं होतं.

"पुढच्या वर्षी जाऊ की," मी म्हटलं. "ते दगड काय पळून जाताहेत?"

"दगड नाही पळत," तू म्हणालास, आणि ताटात भात तसाच टाकून उठलास.

तीन दिवस आपण धड बोललो नाही. शेवटी आईच फोनवर म्हणाली, "जा गं तू. मिलिंदरावांनी कधी काही मागितलंय का? माझं काय, चंद्र सगळे बघून झालेत." ती हसली, पण मला कळलं तिला किती लागलंय ते. मी तिकीट रद्द केलं आणि तुला म्हणाले, "तुझ्यासारखा हट्टी माणूस पाहिला नाही."

एक वाक्य, मिलिंद. एवढं एक वाक्य तू बोलला असतास तर मी हसत आले असते! आईला सांगून, तिचा आशीर्वाद घेऊन आले असते. तू मला कुरकुर करत येऊ दिलंस.

ब्रूमला जीप आणि कॅरव्हॅन ताब्यात घेतली तेव्हा तू लहान मुलासारखा खूश होतास. तीन दिवस तू चालवलीस. चौथ्या दिवशी, डांबर संपून कच्चा रस्ता सुरू झाला तिथेच, गाडी थांबवून खाली उतरलास. "आता तू चालव."

"इथे? वेड लागलंय का तुला?"

"इथेच. पुढे सहाशे किलोमीटर असाच रस्ता आहे. शिकशील."

पन्हाळी पत्र्यासारखा तो रस्ता! दात कडकडायचे, मागे कपाटातली भांडी नाचायची. समोरून एखादा तीन डब्यांचा मालगाडीएवढा ट्रक आला की लाल धुळीत पाच मिनिटं काही दिसायचं नाही. मला डच लायसन्स चौथ्या परीक्षेत मिळालं होतं, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत! आणि तू बाजूला सीट मागे टाकून डोळे मिटायचास. मी मनात म्हणायचे, मजा आहे बुवा साहेबांची. बायकोला ड्रायव्हर केलं आणि आपण झोपले.

मुक्कामाला पोचल्यावर तरी मदत करशील? छे! घडीची खुर्ची उघडून बसायचास आणि मला सूचना. कॅरव्हॅन मागे घ्यायची तर स्टिअरिंग उलट फिरव. आधी चाकांखाली ठोकळे लाव, मग हूक सोड. गॅस बंद केलास का? पाण्याची टाकी बघितलीस का? एकदा टायर फाटला. पलीकडून येणारे एक पिकल्या दाढीचे गृहस्थ गाडी थांबवून मदतीला उतरले, तर तू बसल्या जागेवरून म्हणालास, "थँक्स, पण ती करेल." ते बिचारे माझ्याकडे बघत उभे राहिले. मी मातीत गुडघे टेकून नट सोडवत होते आणि शरमेने माझे कान तापले होते.

परवा मुक्ता म्हणाली, की तू मला तयार करत होतास. एकटी पडले तर अडू नये म्हणून. असेलही. पण मला शिकवणी नको होती रे. मला माझ्या नवऱ्याबरोबर काय चाललंय ते माहीत असायला हवं होतं. ते कळलं असतं तर टायर मी गाणं म्हणत बदलला असता.

तू जेवत नव्हतास. "उन्हाने नको वाटतं, नुसती मऊ खिचडी दे." रोज खिचडी! मी वैतागून म्हणायचे, एवढ्या लांब येऊन मूगडाळच शिजवायची होती तर घरचं स्वयंपाकघर काय वाईट होतं? पट्ट्याला नवीन भोक पाडलंस तेव्हा मी काय म्हणाले आठवतंय? "बरं झालं, पोट कमी झालं." तू म्हणालास, "बघ, कसा तरुण दिसतोय." आणि दोघं हसलो. त्या हसण्याचं आता मी काय करू, सांग मला?

चांगले क्षण नव्हते असं नाही. उगाच खोटं कशाला बोलू? सकाळी कडे तांबूस व्हायला लागायचे तेव्हा तू मला हलवून उठवायचास. त्या बाटलीसारख्या फुगीर खोडाच्या झाडाला हात लावून म्हणालास, "अगं, ही तर आपली गोरखचिंच! म्हणजे तिची लांबची बहीण." आणि पुण्यात तुमच्या शाळेजवळ असलेल्या गोरखचिंचेच्या गोष्टी तासभर सांगितल्यास. तेव्हा मला वाटलं होतं, बरं झालं आलो. हेही लिहून ठेवते. पण आता त्या तासाकडेही मी संशयाने बघते. तू निरोप घेत होतास का? आणि मी चहा गाळत होते.

मग ती सातव्या दिवसाची दरी.

वाहनतळापासून पाऊण तास चालायचं, मग कड्याच्या टोकाशी यायचं आणि तिथून दगडांवरून खाली. खाली हिरवं, स्वच्छ पाणी. याच दरीचा फोटो तुझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कितीतरी वर्षं होता. कड्यापाशी आलो आणि तू एका खडकावर बसलास. घामाने भिजला होतास.

"तू जाऊन ये," तू म्हणालास.

मला आधी गंमतच वाटली. मग कळलं की तू खरंच उठणार नाहीस. आणि मी सुटले. काय काय बोलले मी! "आईचा सोहळा सोडून मला इथवर ओढून आणलंस, गाडी मी चालवायची, खिचडी मी शिजवायची, आणि ज्याच्यासाठी आलो तिथे आल्यावर साहेब बसून राहणार? म्हातारा झालायस तू! आळशी म्हातारा!"

तू टोपी काढून मांडीवर ठेवलीस, एवढंच.

मी पाय आपटत खाली उतरले. मुक्ताच्या पोहण्याच्या परीक्षांच्या वेळी मीही हट्टाने पोहायला शिकले होते, तशीच टी-शर्टसकट पाण्यात शिरले. पाणी इतकं गार होतं की श्वास अडकला. तिथे एक वयस्क ऑस्ट्रेलियन बाई पोहत होत्या, येताना तुझ्याशेजारून आलेल्या. त्यांनी विचारलं, "वर बसलेले तुमचे मिस्टर ना? त्यांना बरं नाहीये का?"

"बरे आहेत," मी म्हटलं. "आळशी आहेत फक्त."

एका अनोळखी बाईला दोन मिनिटांत दिसलं ते मला दिसलं नाही, मिलिंद! सव्वीस वर्षांच्या संसारानंतर! कसं दिसणार? मला विश्वास होता ना तुझ्यावर. तू "ऊन" म्हणालास तर ते ऊनच असणार.

वर आले तेव्हा तू विचारलंस, "पाणी कसं होतं?"

"येऊन बघायचं होतंस," मी म्हटलं. आणि दुसऱ्या दिवसापर्यंत एक शब्द बोलले नाही.

हे वाक्य माझ्या तोंडून तू काढून घेतलंस. ते मला परत घेता येत नाही. त्यासाठी मी तुझी क्षमा मागू, की तू माझी मागायची?

सोमवारी ते पत्र हातात घेऊनच मी मुक्ताला फोन लावला. ती लॅबमध्ये होती. मी विचारलं, "तुला मे महिन्यापासून माहीत होतं?"

ती डचमध्येच म्हणाली, "इक मोख्त हेत नीत झेखन, आई." मला सांगायची मुभा नव्हती.

मुभा! माझ्या मुलीला माझ्याशी बोलायला मुभा लागते? मी काय वाटेल ते बोलले. शेवटी म्हणाले, "यापुढे मला आई म्हणू नकोस," आणि फोन बंद केला. पाच दिवस तिचे फोन घेतले नाहीत.

शनिवारी ती न सांगता आली. नायमेखनहून, डेन बॉशला गाडी बदलून, सरळ माझ्या दुकानात. मी एका गिऱ्हाइकाच्या जॅकेटची चेन बदलत होते. ती कपड्यांच्या रांगेपाशी उभी राहिली. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली. मग दाराची पाटी तिने स्वतःच उलटी केली आणि मराठीत बोलायला लागली. आपली मुक्ता, जिला मी मराठीत विचारायचं आणि तिने डचमध्ये उत्तर द्यायचं असंच आयुष्य गेलं, ती अडखळत, शब्द शोधत, मराठीत बोलली.

"बाबांनी फोन केला. म्हणाले, आधी प्रॉमिस कर, आईला सांगणार नाहीस. मला वाटलं, तुझ्या वाढदिवसाचं काहीतरी सरप्राइज असेल. मी हसून प्रॉमिस केलं. मग त्यांनी सांगितलं."

मी मशीनवरून उठले.

"मी तेवीस वर्षांची होते, आई. तुम्ही गेलात तिथे सिग्नल नव्हता. कधी दोन दोन दिवस मेसेज नाही यायचा. मी तिथल्या विमानाने येणाऱ्या डॉक्टरांचा नंबर पाठ केला होता. स्टेशनवर उलटी झाली मला एकदा. कुणाला सांगणार? तुला नाही सांगता येत, बाबा फोनवर नाहीत. तुम्ही परत आलात तेव्हा तू मला फोटो दाखवत होतीस आणि म्हणत होतीस, बघ बाबा कसे बारीक झाले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले."

मग तिने फोन काढला आणि तू तिला वाटेतून पाठवलेले मेसेज दाखवले. बहुतेक एका ओळीचे. "आज ठीक." "आज गोळी जास्त लागली, पण ठीक." आणि सातव्या दिवसाचा मोठा होता, सिग्नल मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी पोचलेला. तो मला आता पाठ झालाय.

"आई एकटी खाली गेली. मी कड्याशी बसलोय. पाण्यात तिचा लाल टी-शर्ट दिसतोय, छान पोहते आहे. माझ्यावर जाम भडकली आहे. भडकू दे. एकदा तिला कळलं की ती माझ्यावर परत कधीच भडकणार नाही."

मी तो वाचला आणि तिथेच, चिंध्यांच्या टोपलीशेजारी, जमिनीवर बसले.

कारण ते खरं आहे. जुलैनंतर मी तुला एकदाही ओरडले नाही. तू औषध सांडलंस, माझ्या आवडत्या कपाचा कान तोडलास, भलत्या वेळी टीव्ही मोठ्याने लावलास, मी हसत राहिले. नर्स झाले होते मी. तुला ते नको होतं. तुला त्या प्रवासाचे चोवीस दिवस तुझी नेहमीची बायको हवी होती, कुरकुरी, तोंडाळ. कळतं मला. इतकं कळतं की ओरडावंसं वाटतं.

पण तू माझा विचार केलास का? तुला खरी बायको मिळाली. मला मात्र खोटा प्रवास मिळाला. एकाच गाडीत, एका हाताच्या अंतरावर बसून आपण दोघं दोन वेगळ्या सहली करून आलो. आणि तुझ्या सहलीत मला जागा नव्हती. तू ठरवलंस की वैशालीला हे झेपणार नाही. कधी विचारलंस? नोकरी नाही, भाषा नाही अशी मी तुझ्यामागे या देशात आले. झेपलंच ना? शून्यातून दुकान उभं केलं, झेपलंच ना? तुझं जाणंही झेपतंय, बघ.

तरी मी माझं कदाचित पोटात घालेन. माणूस मरणाच्या भीतीने काय करेल सांगता येत नाही, आणि तू भ्याला होतास, हे आता दिसतं मला. पण मुक्ता? तू आधी तिचं वचन घेतलंस आणि मग ओझं दिलंस! तिला नाही म्हणायची संधीसुद्धा ठेवली नाहीस. पोरीला तू तिच्या आईशी खोटं बोलायला लावलंस आणि निघून गेलास. तू हयात असतास तर याबद्दल मी तुझ्याशी असं भांडले असते की शेजारचे डच लोक खिडकीत आले असते!

शनिवारी मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तू फोनवर बोललीस ते?" मी म्हटलं, "तेही. आणि तू बाथरूममध्ये रडलीस तेव्हा मी बाहेर फोटो दाखवत बसले, तेही." मग आम्ही दोघी दुकानातल्या कापायच्या टेबलावर बसून तुझ्या नावाने पुष्कळ बोललो. वाईटसाईटच जास्त. तिने तर तुला डचमध्ये एक शिवी घातली. मी अर्थ विचारला नाही. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर मला तिचं वय दिसलं.

सुहासला मी कळवलंय, लेख जमणार नाही.

तुझ्यावरचा राग कधी जाईल ते मला माहीत नाही. तू गेलास म्हणून तो मी घाईने आवरता घेणार नाही. तुला हवी होती ना रागावणारी बायको? पण एक वचन देते, आणि हे मी कुणाच्या दबावाखाली देत नाही. मला उद्या काही झालं, लहान असो की मोठं, तर ज्या दिवशी मला कळेल त्याच दिवशी मुक्ताला कळेल. तिने काय करायचं, कुणाला सांगायचं, रडायचं की ओरडायचं, हे तिचं ती ठरवेल. या घरात यापुढे प्रेमाच्या नावाखाली कुणी कुणाला गप्प बसवणार नाही. तू तिच्या गळ्यात अडकवलेली ती शपथ मी शनिवारी काढून घेतली आहे, मिलिंद. आता ती मोकळी आहे.

तुझी,
वैशाली